वाटामोलाला दोन वाजता

मंगळवार, रात्री साडेदहा

शनिवारचं नक्की झालं. मी आणि ऑफिसातली मैत्रीण, दोघीच. ऑस्ट्रेलियात, सिडनीला लागून असलेल्या रॉयल नॅशनल पार्कचा कोस्ट ट्रॅक, म्हणजे समुद्राकाठची पायवाट, ऑटफर्ड ते बंडीना, २६ किलोमीटर, एका दिवसात. बहुतेक लोक हा ट्रॅक दोन दिवसांत करतात, मधे नॉर्थ एराला तंबू ठोकून. शहाणे आहेत. आम्हाला रविवारी मुलांच्या मॅचेस आहेत.

खरं कारण तेवढंच नाही. दोन वर्षांपूर्वीचा हिशोब बाकी आहे.

तेव्हा आम्ही तिघी उलट्या दिशेने निघालो होतो. क्रोनुलाहून बोटीने बंडीनाला, आणि चालायला सुरुवात सकाळी साडेनऊला! वेडिंग केक रॉकपाशी फोटोंत अर्धा तास गेला. तो पांढराशुभ्र खडक केकच्या तुकड्यासारखा कड्याच्या टोकाला बाहेर आलाय आणि खालून पोकळ आहे. २०१५ साली तपासणी झाल्यावर त्याला कुंपण घातलं, पण कुंपणाबाहेरूनही फोटो काढायला रांग होतीच. मग वाटामोलाला जेवण, त्यात तासभर. गारीच्या किनाऱ्यावर पोचलो तेव्हा साडेचार वाजले होते. जुलै महिना, म्हणजे इथला हिवाळा. सूर्य पाचला मावळतो. पुढे ऑटफर्डपर्यंतचा सगळ्यात अवघड टप्पा शिल्लक, आणि तिघींत मिळून एक टॉर्च, तीही चावीच्या जुडग्याला लावलेली.

फोनला रेंज नाही. शेवटी गारीहून वर जाणाऱ्या डांबरी रस्त्याने, फोन डोक्यावर धरून, चढत राहिलो. एका वळणावर एक काडी आली, गेली, परत आली. नवऱ्याला फोन लागला तेव्हा पूर्ण अंधार झाला होता. तो आला, काही बोलला नाही. तेच जास्त लागलं.

बुधवार

आज जेवणाच्या सुट्टीत कागद-पेन घेऊन बसले. ॲपवर सगळं दिसतं, पण मला हिशोब हाताने केल्याशिवाय पटत नाही.

प्रकाश दहा तासांचा. सूर्योदय सातच्या आसपास, सूर्यास्त पाचनंतर लगेच. आमचा वेग, खोटं न बोलता, ताशी तीन किलोमीटर, चढ-उतार आणि वाळू धरून. म्हणजे चालण्याचेच जवळजवळ नऊ तास. खाणं, बूट काढणं, वाळू झटकणं, देवमासे बघणं या सगळ्याला मिळून एक तास. जुलैत हंपबॅक जातीचे देवमासे उत्तरेकडे जात असतात, त्यामुळे बघण्याचा मोह होणारच. तो तास मी कागदावर लिहून त्याभोवती चौकोन काढला. गेल्या वेळी असा चौकोन नव्हता, सगळा दिवस ‘बघू’वर चालला होता.

दिशा उलटी करायची. बोटीची वाट बघण्यात सकाळ घालवण्यापेक्षा नवरा गाडीने उजाडायच्या आत ऑटफर्डच्या लुकआउटला सोडेल. अवघड भाग पाय ताजे असताना: पाम जंगलातला उतार, बर्निंग पाम्स, एराचे दोन किनारे, मधल्या चढणी. वाटामोलानंतर वाट बरीच सपाट आहे आणि बऱ्याच ठिकाणी जमिनीपासून उचललेला जाळीचा मार्ग केलाय. दमलेल्या पायांना तो बरा.

एक गोष्ट मात्र इतकी वर्षं इथे राहूनही मी प्रत्येक वेळी विसरते. दुपारचा सूर्य इथे उत्तरेला असतो. म्हणजे दक्षिणेकडून उत्तरेला चालताना ऐन बारा वाजता ऊन तोंडावर. घरी ट्रेक करताना ऊन कुठून येणार हे अंगात भिनलेलं असायचं, विचार करावा लागायचा नाही. इथे टोपीचा छज्जा लांब हवा, असं लिहून ठेवावं लागतं.

गुरुवार

मैत्रिणीचा मेसेज: ‘फिगर एट पूल्स करायचे ना? वाटेतच आहेत.’

नाही करायचे. बर्निंग पाम्सजवळ खडकाच्या सपाटीवर आठच्या आकड्यासारखी भरलेली ती डबकी फोटोत फार सुंदर दिसतात. पण तिथे ओहोटीलाच जाता येतं, आणि ओहोटीलाही अचानक मोठी लाट येऊन माणसांना खडकावर खरडत नेते. लोक जखमी झालेत. लाटांचा धोका किती आहे याचा अंदाज पार्कवाले रोज वेबसाइटवर टाकतात. त्यासाठी वेगळा दिवस हवा. ती थोडी रुसली. मी चौकोनाचा फोटो पाठवला.

मी बोरिवलीची. शहराला चिकटलेलं नॅशनल पार्क ही काही माझ्यासाठी नवलाई नाही. लोकलने उतरावं आणि कान्हेरीकडे चालू लागावं. हे पार्क मात्र १८७९ सालचं. अमेरिकेतलं यलोस्टोन १८७२ चं, त्यानंतर जगातलं दुसरं म्हणतात. ‘रॉयल’ हे नाव नंतर लागलं, राणी एलिझाबेथ १९५४ मध्ये येऊन गेल्यावर. त्याआधी नुसतंच ‘द नॅशनल पार्क’. त्याच्याही कितीतरी आधी ही इथल्या मूळ रहिवासी धारावल लोकांची भूमी. बंडीनाजवळ जिबनला खडकात कोरलेला देवमासा आहे. तो शेवटी बघता आला तर बघू. चौकोनात बसत नाही.

आईचा फोन. रत्नागिरीला पाऊस धो-धो. मी म्हटलं, समुद्राकाठी चालायला जातेय.

‘वाटेत विहीर-बिहीर आहे का गं?’

‘नाही. तीन लिटर घेऊन जातेय.’

‘तीन लिटर पाठीवर? आणि कशाला?’

तेविसाव्या वर्षी राजगड-तोरणा एका दिवसात केला तेव्हाही तिने हेच विचारलं होतं. पण तेव्हा टाक्याचं पाणी होतं. उशीर झालाच तर कोणत्या तरी वाडीत कोणी तरी मामा ओसरी देणार आणि मामी पिठलं टाकणार, याची खात्री होती. ती खात्री हाच आमचा सगळा बेत असायचा. इथे मधे एकच कॅम्पची जागा, तीही आधी बुक केलेल्यांसाठी. वाटेवर गाडी थेट किनाऱ्याशी येईल अशा जागा दोनच: गारी आणि वाटामोला. त्या दोन्ही रस्त्यांना रात्री फाटक लागतं.

म्हणून या वेळी कुठे पोचायचं यापेक्षा कुठे सोडायचं हे आधी ठरवलं. गारी अकराला. वाटामोला दीडला, फार तर दोनला. दोन वाजून गेले तर तिथेच संपलं, मग पाय कितीही चालत असोत. नवरा दीडपासून पेपर घेऊन वाटामोलाच्या पार्किंगमध्ये बसेल, कारण फोनच्या भरवशावर राहायचं नाही.

या वाटामोलालाच १७९६ मध्ये बास आणि फ्लिंडर्स हे इंग्रज दर्यावर्दी आपली इवलीशी नाव घेऊन वादळी रात्री अंधारात शिरले होते. जागा सापडली म्हणून वाचले. फ्लिंडर्सने तिला दैवाने दिलेली खाडी म्हणावं तसं नाव ठेवलं. त्यांच्याकडे नकाशा नव्हता, माझ्याकडे दोन आहेत.

शुक्रवार, रात्र

दशम्या झाल्या. दुधात भिजवलेल्या, चौदा. तिळाची चटणी, गूळ-शेंगदाणे, इलेक्ट्रॉलची चार पाकिटं. डोक्याला लावायच्या टॉर्च दोन, दोन्ही चार्ज. डाव्या गुडघ्याचा पट्टा. गोचिडीसाठी चिमटा, कारण पाम जंगल ओलसर आहे. पार्कच्या पानावर ट्रॅक उघडा आहे, वारा बेताचा आहे, आगीची बंदी नाही.

चटणीच्या डब्याचं झाकण लागत नव्हतं. नवरा ओट्याला टेकून माझा कागद वाचत होता.

‘दोन वाजून पाच मिनिटांनी पोचलीस तर?’

‘तर गाडीत बसणार.’

‘आणि दोन वाजता पोचलीस, पण ती लंगडत असली तर?’

‘तरी बसणार.’

‘तू लंगडत असलीस तर?’

मी झाकण परत काढलं, कडेची चटणी बोटाने पुसली आणि पुन्हा दाबून बसवलं. या वेळी लागलं.

‘पाचचा गजर लावते,’ म्हटलं.

‘चारचा लाव,’ तो म्हणाला. ‘ऑटफर्ड लांब आहे.’