अडखळणारी हार्ड डिस्क आणि दीड मीटरची केबल

बाबांच्या आवाजातल्या अकरा कॅसेट मी काही वर्षांपूर्वी कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या होत्या. पुढे कॅसेटच्या फितींना बुरशी लागली आणि ती रेकॉर्डिंग उरली फक्त एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर. दुसरी प्रत काढायची राहूनच गेली होती. त्यामुळे एका संध्याकाळी डिस्क लावल्यावर पडद्यावर ‘ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल’ असा चौकोन आला, तेव्हा पोटात गोळा आला.

मी ‘रद्द करा’ दाबलं. आज मागे वळून बघताना त्या संध्याकाळी माझ्या हातून झालेली सर्वांत चांगली गोष्ट तीच होती. डिस्कवरच्या फाइलींची मांडणी वाचता आली नाही, एवढंच तो चौकोन सांगत असतो. फाइली गेल्या असं त्याचं म्हणणं नसतं. पण एकदा का फॉरमॅट केलं की मांडणीची नोंद कोरी होते आणि आतलं परत मिळवणं जिकिरीचं होऊन बसतं.

डिस्क काढून पुन्हा लावली. यूएसबी जोडल्याचा आवाज आला, आतून बारीक ‘टक्’ असं ऐकू आलं, आणि दोनतीन सेकंदांत तुटल्याचा आवाज. परत जोडल्याचा. परत ‘टक्’. जोडलेल्या उपकरणांची यादी दाखवणारा विंडोजचा ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडून बघितला, तर डिस्कचं नाव यादीत यायचं आणि जायचं. मध्येच त्या जागी ‘अननोन यूएसबी डिव्हाइस’ दिसायचं, सोबत ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड’ आणि कोड ४३.

याचा अर्थ मला तेव्हा कळला नव्हता. यूएसबीवर काहीही लावलं की कॉम्प्युटर आधी त्याला ओळख विचारतो: तू कोणत्या प्रकारचं उपकरण, कोणत्या कंपनीचं, तुला किती करंट लागणार. उपकरण आपली माहिती पाठवतं, तिला डिस्क्रिप्टर म्हणतात. ती मिळाली की मगच ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवणारा छोटा प्रोग्राम, निवडला जातो. कोड ४३ सोबत ही ओळ दिसली, तर गाडी ओळख विचारण्याच्या पायरीवरच अडली आहे. तिथे ड्रायव्हरपेक्षा केबल, पोर्ट, वीज आणि उपकरण स्वतः यांच्याकडे आधी बघायला हवं.

मी मात्र ड्रायव्हरच्या मागे लागले. यूएसबीच्या खाली दिसेल ते एकेक अनइन्स्टॉल करत सुटले. रूट हब, म्हणजे सगळे यूएसबी पोर्ट ज्याच्याखाली येतात तो, काढला आणि त्याच क्षणी माउस आणि कीबोर्ड दोन्ही गप्प झाले, कारण तेही त्याच हबवर होते. कॅबिनेटचं पॉवर बटण एकदा हलकेच दाबून कॉम्प्युटर बंद करावा लागला. चालू झाल्यावर सगळं आपोआप परत आलं, पण डिस्कचं रडगाणं तेच. कोणाला हा उपाय करायचाच असेल, तर उघडी कामं आधी सेव्ह करून ठेवा.

मग ताईला फोन केला. ती कॉम्प्युटर दुरुस्तीचंच काम करते.

‘आता डिस्क काढ आणि बाजूला ठेव,’ ती म्हणाली. ‘सारखी लावू-काढू नकोस. सुरू होता होता दर वेळी बंद पडणं तिला चांगलं नाही. आणि एक वही घे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, काय झालं ते लिहायचं.’

वहीतली पहिली नोंद अशी: पुढचा पोर्ट, पेन ड्राइव्ह, व्यवस्थित चालला. यावरून मी ठरवून टाकलं की पोर्ट चांगला आहे, म्हणजे डिस्कच गेली. ताईने ते मान्य केलं नाही. पेन ड्राइव्हमध्ये फिरणारं काही नसतं, त्याला करंट थोडा लागतो. हार्ड डिस्कमध्ये मोटर असते, आणि थांबलेली तबकडी फिरवायला सुरुवात करताना ती सर्वांत जास्त करंट ओढते. म्हणजे पेन ड्राइव्हने पोर्टच्या डेटाच्या तारा तपासल्या होत्या. वीज पुरते का, हा प्रश्न तसाच राहिला होता.

इथे आकडे कामाला येतात. यूएसबी २.० हे मानक २००० सालचं. त्याच्या पोर्टने ५ व्होल्टवर ५०० मिलीअँपिअरपर्यंत करंट द्यायचा असतो. २००८ सालच्या ३.० मध्ये ही मर्यादा ९०० मिलीअँपिअर झाली. माझ्या डिस्कला वेगळा अ‍ॅडॅप्टर नाही, जे काही मिळायचं ते केबलमधूनच. आणि मी ती लावत होते कॅबिनेटच्या पुढच्या काळ्या पोर्टला, म्हणजे २.० ला. पुढचे पोर्ट थेट मदरबोर्डवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य सर्किट बोर्डवर, नसतात. आतून एक वायर मदरबोर्डपर्यंत जाते, म्हणजे आणखी एक जोड आणि आणखी थोडी तार. मागचे पोर्ट बोर्डलाच पक्के बसवलेले असतात.

त्यात माझी केबल. डिस्कसोबत आलेली केबल आखूड होती, वीतभर. कॅबिनेट टेबलाखाली गेल्यावर ती पुरेना, म्हणून दीड मीटरची दुसरी लावली होती. दिसायला उत्तम, पण हाताला नरम आणि बारीक. अशा केबलच्या आतल्या तारा केसासारख्या असतात. जाणाऱ्या आणि येणाऱ्या तारेचा मिळून अर्धा ओहम रोध धरला, तर ०.९ अँपिअरला ०.४५ व्होल्ट केबलमध्येच खर्ची पडतात. पाचाचे राहिले साडेचारच्या आसपास. मोटर फिरू लागते, करंट वाढतो, व्होल्टेज खाली येतं, डिस्क दमते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते. तो ‘टक्’ माझ्याकडे याचाच होता. हेही सांगायला हवं की चांगली केबल आणि चांगला पोर्ट असूनही टकटक चालूच राहिली, तर डिस्कच्या आतला भाग निकामी होत असण्याची शक्यता मोठी. तेव्हा ती बंद करून जाणकाराकडे न्यावी.

आखूड केबल ड्रॉवरच्या तळाशी सापडली. कॅबिनेट ओढून टेबलाच्या बाहेर घेतलं, डिस्क त्याच्याच माथ्यावर ठेवली आणि मागच्या निळ्या, म्हणजे ३.० च्या, पोर्टला जोडली. तबकडी वेग घेताना येणारी ती चढत जाणारी घरघर ऐकू आली आणि एका सुरात स्थिर झाली. ड्राइव्ह दिसला. फोल्डर उघडला. सगळ्या अकरा फाइली जागेवर होत्या.

या टप्प्यावर दुरुस्तीच्या मागे लागायचं नाही, असं ताईने बजावून ठेवलं होतं. डिस्क तपासणारी ‘चेकडिस्क’ची कमांड दुरुस्तीसाठी चालवली की नोंदींमध्ये फेरफार करते, म्हणून आधी प्रत, मग तपासणी. मी सर्वांत आधी बाबांची रेकॉर्डिंग उतरवली, मग फोटो, शेवटी व्हिडिओ. जे परत मिळणं अशक्य, ते पहिलं.

रेकॉर्डिंग आणि फोटो झाल्यावर लक्षात आलं की वेग सेकंदाला ३५ मेगाबाइटच्या पुढे जात नाही. पोर्ट निळा, डिस्क ३.० ची, आणि वेग २.० चा. याचं कारण प्लगमध्ये डोकावल्यावर समजतं. जुन्या चार पट्ट्या पुढे असतात आणि ३.० साठी वाढवलेल्या पाच पट्ट्या आत, मागच्या बाजूला. प्लग हळूहळू सरकवला की चार पट्ट्या आधी टेकतात आणि उपकरण २.० म्हणूनच जोडलं जातं. मी डिस्क रीतसर ‘इजेक्ट’ केली, दिवा विझू दिला, आणि प्लग एका दमात सरळ आत बसवला. व्हिडिओ शंभराच्या आसपासच्या वेगाने उतरू लागले.

एक मोठा व्हिडिओ पेन ड्राइव्हवरही घ्यायचा होता, तो मात्र ‘फाइल फार मोठी आहे’ म्हणून अडला. पेन ड्राइव्हवर जागा भरपूर होती, पण तो फाइली मांडण्याच्या फॅट३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेला, आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. पेन ड्राइव्ह रिकामाच होता, म्हणून मोठ्या फाइली चालणाऱ्या एक्सफॅट पद्धतीत फॉरमॅट केला आणि काम झालं.

उतरवलेल्या अकराही फाइली मी एकेक उघडून ऐकल्या, सुरुवात, मध्य आणि शेवट. तिसऱ्या फाइलच्या सुरुवातीला बाबा आईला विचारतात, ‘लाल दिवा लागला का गं?’ आणि लांबून आई म्हणते, ‘लागला लागला, बोला.’ मी ते तीनदा ऐकलं.

सगळं झालं असं वाटत असताना माउस अडखळायला लागला. बिनतारी माउस, त्याचा नखाएवढा रिसीव्हर मागच्याच बाजूला, डिस्कच्या अगदी शेजारच्या पोर्टमध्ये. डिस्कवर फाइली जात असल्या की बाण उड्या मारायचा, डिस्क थांबली की सुरळीत. मी आधी सेल बदलला, उपयोग झाला नाही. इंटेलने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या एका तांत्रिक लेखात याचा उलगडा आहे: यूएसबी ३.० च्या डेटाच्या वहनातून निघणारा रेडिओ गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो, आणि बरेचसे बिनतारी माउस-कीबोर्ड याच पट्ट्यात चालतात. रिसीव्हर जितका जवळ, तितका माउसचा संदेश त्या गोंगाटात बुडतो. मी रिसीव्हर काढून पुढच्या काळ्या पोर्टमध्ये लावला. डिस्कला न झेपलेला तो पोर्ट माउसला अगदी योग्य निघाला.

दीड मीटरची केबल मी टाकली नाही. तिच्यावर चिकटपट्टी लावून ‘डिस्कला नको’ असं लिहिलंय. कार्ड रीडरला ती व्यवस्थित चालते. आखूड केबल रबर बँडने डिस्कलाच बांधून ठेवली आहे. रेकॉर्डिंगची एक प्रत आता कॉम्प्युटरवर आहे, एक नव्या डिस्कवर, आणि पुढच्या आठवड्यात तिसरी ताईकडे जाईल.