हद्द अलीकडे, फुगवटा पलीकडे

अशिलाचा फोन आला तेव्हा करवतवाला शिडी लावून तयार होता. शेजारच्या आंब्याची मांडीएवढी फांदी गच्चीवर आली होती. "साहेब, आमच्या हद्दीत आलीय, कापू ना?" मी येईपर्यंत थांबा म्हटलं.

हक्क त्यांचा होताच. लेमन विरुद्ध वेब या 1894 च्या इंग्लंडमधल्या निकालापासून तत्त्व पक्कं आहे: शेजाऱ्याच्या जागेत पाऊल न टाकता आपल्याकडे आलेली फांदी छाटता येते, पण हद्दीपर्यंतच. महाराष्ट्रात शहरी भागात मात्र झाडांच्या जतनाचा 1975 चा कायदाही लागतो. त्यात झाड तोडणं म्हणजे फक्त बुंध्यातून पाडणं नाही, झाडाला इजा करणंही त्यात येतं. पालिकेची आगाऊ परवानगी नसेल तर तक्रारदारावरच गुन्हा दाखल होऊ शकतो.

मग हद्द पाहिली. कुंपणाची भिंत हीच हद्द, असं सगळे धरून चालतात. सरकारी मोजणीच्या नकाशात, म्हणजे 'क' प्रतीत, भिंत शेजाऱ्याच्या जागेत, हद्दीपासून एक फूट आत निघाली. भिंतीलगत कापलं असतं तर अतिक्रमण आमचंच झालं असतं. ओळंबा धरून फांदीवर खडूने रेघ मारली.

आणि खरी अडचण तिथे दिसली. रेघेवर कापलं की चार फुटांचा खुंट उरणार. जखम भरते ती फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगवट्यापासून. लांब खुंट वाळतो आणि कूज खोडात उतरते. योग्य काप पलीकडच्या हद्दीत होता, म्हणजे शेजाऱ्याची संमती हवीच. माझ्या मते अशा प्रकरणात नोटिशीआधी हे बोलणं झालं पाहिजे.

दुपारी दोघांच्या सह्यांचा कागद झाला: काप कुठे, खर्च कुणाचा, लाकूड आणि कैऱ्या झाडाच्या मालकाच्या. फोटो जोडून परवानगीचा अर्जही दोघांच्या नावे गेला. शेजारी अडून बसले असते तर रजिस्टर पोस्टाने नोटीस आणि मग दिवाणी न्यायालयातून आदेशात्मक मनाई, म्हणजे फांदी काढायला लावणारा हुकूम, मागावी लागली असती. झाड पडायला आलं असेल तर कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली जाता येतं.

परवानगी आल्यावर तीन काप घेतले. पहिला खोडापासून फूटभर अंतरावर, खालून, पाव जाडीपर्यंत. दुसरा थोडा बाहेर, वरून. त्याने फांदी साल न सोलता सुटते. तिसरा फुगवट्याला लागून, फुगवटा न दुखवता. लाकूड फाटकातून नेऊन शेजाऱ्यांच्या अंगणात रचलं, भिंतीवरून टाकलं नाही.