तांदळात लिहिलेलं नाव

मी जर्मनीत शपथबद्ध अनुवादक आहे. कोर्टापुढे शपथ घेतली आहे, त्यामुळे माझी सही-शिक्का बसला की मराठी कागद इथल्या कचेरीत चालतो. जन्माचे दाखले, लग्नाचे दाखले, मार्कलिस्टा, क्वचित घटस्फोटाचा हुकूमनामा असं काम. २७ जून २०२४ला इथला नागरिकत्वाचा नवा कायदा लागू झाला. आठ वर्षं राहण्याची अट पाचावर आली, आधीचं नागरिकत्व सोडा हा जर्मनीचा हट्टही संपला, आणि माझ्या टेबलावर दाखल्यांची चळत लागली.

त्या चळतीतून बाई आल्या. नाव सांगत नाही, धंद्याचा नियम आहे. गावी तीन-चार वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेलं, म्हणून मी त्यांना ‘बाई’च म्हणायला लागले. वय पन्नाशीच्या पुढे, जर्मन भाषेची बी१ पातळीची परीक्षा पास, नागरिकत्वाच्या चाचणीत ३३ पैकी ३० बरोबर. पास व्हायला १७ पुरतात. मी इतकी वर्षं इथे राहून ती चाचणी परवा सहज सोडवून पाहिली, तेव्हा मला २८ आले. असो.

बाईंनी पिशवीतून तीन कागद काढले आणि सोबत कचेरीचं पत्र. पत्राचा मथितार्थ एवढाच की, अर्जदाराची ओळख निश्चित होत नाही. नागरिकत्वाच्या कायद्यात ओळख आणि सध्याचं राष्ट्रीयत्व स्पष्ट असणं ही अट आहे. त्याशिवाय फाइल पुढे सरकत नाही.

कागद पाहिले आणि मला हसावं की कपाळावर हात मारावा, कळेना. पहिला, १९७२चा जन्माचा दाखला. आईचं नाव आहे, बापाचं आहे, लिंग ‘स्त्री’ आहे आणि बाळाच्या नावाच्या रकान्यात एक आडवी रेघ. आपल्याकडे हे घरोघरी आहे. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार नाव न ठेवताही जन्म नोंदवता येतो, नाव मागाहून घालायचं असतं. ते घालायला पुन्हा कोण जातं? दुसरा, शाळा सोडल्याचा दाखला. त्यात चार अक्षरी नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. तिसरा पासपोर्ट. त्यात दोन अक्षरी नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव.

म्हणजे बिननावाची एक मुलगी, चार अक्षरांची एक विद्यार्थिनी आणि दोन अक्षरांची एक गृहिणी. जर्मन साहेबाच्या डोळ्यांनी पाहिलं तर तिघी वेगळ्या. लग्नाचा दाखलाही मदतीला येईना. नोंदणी मागाहून व्हिसासाठी केलेली, त्यात वधूचं नाव माहेरचं, चार अक्षरी.

“मॅडम, तुम्ही खाली एक ओळ लिहा ना, की ही तिन्ही माझीच नावं,” बाई म्हणाल्या.

तेच मला करता येत नाही. कागदावर जे आहे तेच आणि तेवढंच मी लिहायचं. शिक्का पुसट असेल तर पुसट, सही वाचता येत नसेल तर तसं, आणि रकाना कोरा असेल तर ‘रकाना कोरा’. त्यांच्या जन्माच्या दाखल्यात मी हे दोन शब्द टाइप केले तेव्हा बाई माझ्या स्क्रीनकडे बघत होत्या. फार तर तळटीप देऊन आपल्याकडची चालरीत समजावता येते. साक्ष देता येत नाही.

मी विचारलं, नाव बदलल्याचं गॅझेट केलं होतं का? आधी नाही म्हणाल्या. मग थबकल्या. “अगं, सर्व्हिस बुकसाठी केलं होतं की!” लग्नानंतर शाळेने नवीन नाव सेवापुस्तकात चढवायला राजपत्र मागितलं होतं. सासऱ्यांनी खेटे घालून ते छापून आणलं होतं. म्हणजे शेवटी कामाला आली ती नोकरी. ती नसती तर या नावबदलाची सरकारदरबारी कुठेच नोंद नसती.

भावाने माळ्यावरची ट्रंक उपसली. दोन आठवड्यांनी कुरियर आलं. महाराष्ट्र शासन राजपत्राचं पिवळं पडलेलं, घडीवर विरलेलं पान. मुंगीएवढ्या अक्षरांत जुनी नावं, नवी नावं, एकाखाली एक. कुणीतरी त्यांच्या नोंदीखाली निळ्या शाईने रेघ मारली होती. भाषांतरात ती रेघही आली: ‘निळ्या शाईने हाताने केलेली खूण’.

भेटीच्या दिवशी कचेरीने मलाही बोलावलं होतं. समोरची अधिकारी तिशीतली, नेटकी, वाईट नव्हती. तिने चारही कागद ओळीने मांडले आणि पेन्सिलीने एकातून दुसऱ्याकडे बाण काढत गेली. आडनाव बदलतं हे तिला माहीत होतं, तिच्या आईचंही बदललं होतं. पेन्सिल अडली ती पहिल्या नावावर.

“हे नाव कोणी बदललं?” तिने विचारलं.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाई त्यांच्या जर्मनमध्ये म्हणाल्या, “माइन मान. मिट डेम फिंगर. इम राइस.” माझ्या नवऱ्याने. बोटाने. तांदळात.

अधिकारी माझ्याकडे बघायला लागली. तिला वाटलं, भाषेची चूक झाली. चूक नव्हती. ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठी धरून त्यात नवं नाव लिहितो, बायका बघतात, कुणीतरी साखर वाटतं. मी तळटिपेत हे चार ओळींत लिहिलं होतं, पण तिने ते बहुधा लग्नाचं वर्णन म्हणून सोडून दिलं असावं.

“आणि अर्ज? फॉर्म?”

“तांदूळ,” बाई म्हणाल्या.

ती हसली, मग सावरली. “तुमची संमती घेतली होती?”

खरं सांगते, त्या क्षणी मला आपल्या बाजूने काहीतरी बोलावंसं वाटलं, हौस असते वगैरे. माझ्या लग्नात मी नाव बदलू दिलं नाही, त्यावरून सासूबाई दोन दिवाळ्या धुसफुसत होत्या. तरी परक्यासमोर घरची बाजू घ्यावीशी वाटते. बाईंना तसं काही वाटलं नाही. “कोणी विचारलं नाही,” त्या म्हणाल्या. बाजूच्या खुर्चीत नवरा होता, तो खिडकीबाहेर पार्किंग बघत बसला.

मला धास्ती पडताळणीची होती. भारत २००५पासून अपॉस्टिलच्या, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मायदेशी लावायच्या शिक्क्याच्या, करारात आहे, पण जर्मनीने भारताच्या प्रवेशाला हरकत घेतली, त्यामुळे आपला अपॉस्टिल इथे हक्काने चालत नाही. संशय आला की कागद दूतावासामार्फत भारतात तपासायला जातात आणि महिने उलटतात. तिने पिवळं पान उजेडाकडे धरलं, मूळ प्रत आहे ना ते पाहिलं, गॅझेटमधल्या दोन्ही नावांखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि म्हणाली, “बाण जुळला.”

चार महिन्यांनी बाईंनी प्रमाणपत्र घेतलं. संविधान आणि कायदे पाळेन हे वाक्य उभं राहून म्हणायचं असतं, मग कागद हातात देतात. २५५ युरो शुल्क. तो हातात पडतो त्या क्षणी माणूस जर्मन होतो, आणि आपल्या १९५५च्या कायद्याच्या नवव्या कलमाने त्याच क्षणी भारतीय राहत नाही. जर्मनीने दार उघडलं तरी आपल्याकडे दुहेरीची सोय नाही. आता पासपोर्ट जमा करायचा, त्याचं प्रमाणपत्र घ्यायचं, मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डासाठी रांग.

बाहेर आल्यावर त्यांनी मला प्रमाणपत्र दाखवलं. पासपोर्टवरूनच उतरवलेलं, त्यामुळे ‘फोरनामे’च्या, म्हणजे पहिल्या नावाच्या, रकान्यात दोन अक्षरांपुढे नवऱ्याचं नाव, जणू दोन्ही त्यांचीच. जर्मन लोक त्यांना पत्रात कधीकधी नवऱ्याच्याच नावाने हाक मारतात.

“हे मधलं काढता येतं म्हणे?” त्यांनी विचारलं.

येतं. जर्मन नामपद्धतीत न बसणारा भाग नागरिकत्वानंतर विवाह-जन्म नोंदणी कचेरीत, म्हणजे श्टांडेसआम्टमध्ये, जाहीर करून गाळता येतो. “आणि ते चार अक्षरी?” त्याला हा रस्ता नाही, मी म्हटलं.

नवरा म्हणाला, “काढतेस की काय माझं नाव?”

बाईंनी कागद फोल्डरमध्ये सरकवला. “श्टांडेसआम्ट मंगळवारी उघडं असतं ना हो?” त्यांनी मला विचारलं.