यो काढला की झालं

कोरियन शिकायला लागल्यापासूनचा सगळ्यात सोपा धडा आज झाला आणि त्याच धड्यानं माझी अख्खी संध्याकाळ घालवली.

बानमाल. म्हणजे अरे-तुरेची भाषा. नियम इतका सरळ की टीचरनी फळ्यावर एका ओळीत संपवला, आत्तापर्यंत जी जी रूपं पाठ केलीत त्यांच्या शेवटचा यो काढून टाका, झालं. कायो म्हणजे जाते, यो काढला की नुसतं का. मॉगॉयोचं मॉगॉ, हेयोचं हे, वायोचं वा. बाकी किरकोळ बदल, ‘आहे’वालं येयो असेल तिथे या होतं, ‘मी’साठी जॉच्या ऐवजी ना म्हणायचं, आणि होकाराला ने न म्हणता उंग. वर्गातली पोरं तर खूशच झाली, सिरीयलमध्ये रोज ऐकतात ती हीच भाषा.

मला मात्र त्या यो साठी केवढे कष्ट पडलेत ते आठवलं. हांगुल, म्हणजे त्यांची लिपी, पटकन आली होती मला. सेजोंग राजानं १४४३ मध्ये ती तयार केली आणि १४४६ मध्ये लोकांसमोर आणली ती मुळात साध्या माणसाला लिहिता-वाचता यावं म्हणूनच, आजची मूळ अक्षरं २४, बाराखडीवर वाढलेल्या माणसाला व्यंजनाला स्वर चिकटवायला कितीसा वेळ लागणार. अडलं ते क्रियापदाशी. डिक्शनरीत सगळी क्रियापदं दा लावून बसलेली, कादा, मॉक्ता, हादा, पोदा. तो दा काढायचा, उरलेल्याचा शेवटचा स्वर बघायचा, आ किंवा ओ असेल तर आयो, दुसरा काही असेल तर ऑयो, आणि हादा असेल तर थेट हेयो. हे कळलं असं वाटेपर्यंत स्वर एकमेकांत मिसळायला लागतात, ओदाचं वायो होतं, माशिदाचं माशॉयो. मग ती हट्टी मंडळी, छुप्ता म्हणजे थंडी असणं, त्याचं छुवॉयो, प कुठे गेला विचारायचं नाही. तुत्ता म्हणजे ऐकणं, त्याचं तुरॉयो. ओट्यापाशी कुकरच्या शिट्ट्या होईस्तोवर मी हे म्हणत उभी असते, आणि खरं सांगते मला त्यात फार सुख मिळतं.

एक गोष्ट तर इतकी आवडली होती की वहीत चौकट करून ठेवलीय. जातो, जाते, जातं, जातात, जातेस, जाता, ह्या सगळ्याला त्यांचं एकच, कायो. बाई जाऊ दे, बाप्या जाऊ दे, एकटी जाऊ दे की गावाला गाव जाऊ दे. कोण जातंय ह्याच्याशी क्रियापदाला काही देणंघेणं नाही, त्याला फक्त एवढंच कळायला हवं की तुम्ही कोणाशी बोलताय. मला वाटलं होतं ही भाषा मला माझ्या बाईपणापासून, वयापासून जरा सुट्टी देईल. बाईपणापासून दिली. वयाचं आज कळलं.

टीचरनी जोड्या लावल्या आणि चिठ्ठ्या दिल्या. माझ्या जोडीला ती खिडकीजवळ बसणारी मुलगी. हुशार आहे फार, पिगा वायो, पाऊस येतोय, म्हणताना तिचा तो प इतका छान येतो, ना प ना ब. तिच्या चिठ्ठीवर साधं वाक्य, पाप मॉगॉस्सॉ? म्हणजे जेवलीस का. कोरियन लोक हे भेटल्यावर सहज विचारतात, आपल्याकडे विचारतात तसंच, जेवली आहे की नाही ह्याची चौकशी नसतेच ती. ती म्हणाली, पाप मॉगॉस्सॉयो? टीचर म्हणाल्या, यो नको गं. ती परत म्हणाली, परत यो. मग मागच्या बाकावरच्या पोराला तिनं हेच वाक्य कसं खणखणीत टाकलं, पाप मॉगॉस्सॉ, आणि माझ्याकडे वळली की यो हजर. शेवटी कानाच्या पाळीला हात लावून म्हणाली, सॉरी काकू, तुम्हाला म्हणायला आतून येतच नाही हो.

किती चांगल्या घरची मुलगी. मी पण हसले. घरी येईपर्यंत रिक्षात मात्र घशाशी काहीतरी आलं होतं.

कारण मला ते ऐकायचं होतं. जेवलीस का. लीस. आलीस, गेलीस, बसलीस, विसरलीस ना. मी रिक्षात बसून मोजायला लागले की मला लीस म्हणणारं आता कोण आहे. ऑफिसात मॅडम, सोसायटीत काकू, बँकेत ताई, भाजीवाली सुद्धा पूर्वी अगं घे की म्हणायची ती आता घ्या म्हणते. पोरं म्हणतात तू, पण ते आईला तू. मराठीत आई म्हटली की तू आलंच, त्यात मी कोण हा प्रश्नच नसतो. ह्यांचं तू वेगळं, त्यावर आज लिहायचं नाहीये. दादा आता फोनवर फक्त ऐकतो. माई होती तोवर अगं बेबे अशी हाक तरी यायची जिन्यातून.

बेबी हे नाव आता कोणाच्याच तोंडात नाही.

आज त्या धड्यात हाका मारणंही होतं. बानमालमध्ये नाव व्यंजनावर संपत असेल तर आ लावायचा, स्वरावर संपत असेल तर या. म्हणजे राम असेल तर रामा, अगदी आपल्या संबोधनासारखं, आणि सीता असेल तर सीताया. टीचरनी वर्गातल्या एकेकाचं नाव घेऊन करून दाखवलं, माझ्याशी आल्या आणि पुढे गेल्या. त्यांचंही बरोबर आहे, माझ्याहून लहान आहेत त्या. त्यांनी मला नावापुढे शी लावून हाक मारली असती तरी चाललं असतं पण ते त्या सगळ्यांनाच लावतात आणि आज धडा तो नव्हता. मी आपलं मनातल्या मनात म्हणून बघितलं, बेबीया. छान वाटलं ऐकायला. मग रडूच आलं.

जेवून आवरल्यावर पुस्तक घेऊन बसले परत, म्हटलं हे नक्की आहे तरी काय. तर कोरियनमध्ये मान द्यायच्या दोन वेगवेगळ्या जागा आहेत आणि हे मला आज पहिल्यांदा नीट कळलं. यो हा समोरच्यासाठी, ज्याच्याशी बोलतोय त्याच्यासाठी. आणि शी, नावापुढचा तो नव्हे, क्रियापदात घालायचा, हा ज्याच्याविषयी बोलतोय त्याच्यासाठी. म्हणजे मी मैत्रिणीला विचारलं की तुझी आजी झोपल्या का, तर मैत्रिणीला यो लागणार नाही पण आजीला शी लागणारच, हाल्मॉनी जुमुस्यॉ? झोपणं हे क्रियापदच बदलतं आजीसाठी, जादाचं जुमुशिदा. खाण्याचं तुशिदा. असण्याचं केशिदा. आई-वडिलांविषयी बाहेरच्या माणसाशी बोलायचं तरी हेच, आणि दोघांनाही सारखंच, आपल्यासारखं बाबा आले आणि आई आली असं नाही. हे मला पटलं. आईला घरात हवं तर यो न लावता बोला, कितीतरी घरांत बोलतातही तसं, पण चारचौघांत तिच्याविषयी बोलाल तेव्हा शी.

म्हणजे एकाच वाक्यात जवळीकही ठेवता येते आणि मानही ठेवता येतो, दोन्हीला आपापली जागा. आपल्याकडे एकदा तुम्ही झालं की झालं, दार लागलं. नाही, तसंही नाही म्हणा. आपण विठोबाला अरे-तुरे करतोच की, आणि त्याच्याहून मोठा कोण. तिकडे प्रार्थनेत देवाशी बोलायला सगळ्यात वरचं, जुनं, सोसॉ शेवटी असलेलं रूप वापरतात. ते वाचून उगाच अभिमान वाटला, कशाचा ते नका विचारू.

पण मुद्दा तो नाही. मुद्दा हा की त्यांच्याकडे छिन्गु म्हणजे मित्र, मैत्रीण, तर तो बहुतेक वेळा त्याच वर्षी जन्मलेला. वर्षाचा फरक असला की ती मोठी बहीण होते, ऑन्नी. म्हणून ओळख झाली की जन्मसाल विचारतात, भोचकपणा म्हणून नाही, पुढचं वाक्य कसं बोलायचं ते ठरवायला. पूर्वी तर जन्मल्याबरोबर एक वर्षाचं मूल आणि दर एक जानेवारीला सगळ्यांचं वय एकदम वाढायचं, ते २८ जून २०२३ पासून कायद्यानं बंद केलं आणि जगासारखं मोजायला लागले, तरी शाळेतला वर्ग आणि जन्मसाल हे काही लोकांच्या डोक्यातून जात नाही. आणि यो गळायचा असेल तर तो आपोआप नाही गळत, कोणीतरी विचारतं, आता सुटं बोलूया का. सहसा मोठ्यानं पुढाकार घ्यायचा, किंवा लहान म्हणतो की माझ्याशी बोला की मोकळं.

हे वाचलं आणि थांबले. मी कधी विचारलं कोणाला? त्या मुलीला नाही, कारण तिच्यावर ते लादणं झालं असतं, तिला आतून येत नाही म्हणजे नाही, आणि खरं तर तिचा तू मला नकोच होता. रिक्षात मला वाटत होतं की मला कोणीही तू म्हटलं तरी चालेल. नाही चालणार. कॉल सेंटरचा मुलगा तू म्हणाला तर मीच त्याला सरळ करेन. मला हवाय तो तू माझ्या वयाच्या माणसाचा आहे, ज्यानं मला दोन वेण्यांत बघितलंय. असं माणूस दरवर्षी कमीच होणार, वाढणार नाही, आणि ह्यात माझ्यावर कोणी अन्याय केलेला नाही. पन्नाशीनंतर सगळ्यांचंच असं होत असणार, कोणी बोलत नाही इतकंच. टोपिक म्हणून कोरियनची परीक्षा असते, तिच्या पहिल्या परीक्षेत २०० पैकी ८० मार्क पडले की पहिली पातळी मिळते, त्या ८० मार्कांसाठी मला कोणाचा तू लागत नाही. हे लिहिल्यावर जरा हलकं वाटलं.

आणि मग अभ्यासाला लागले. उदाहरणं सोडवताना एक जागा अशी आली की मी पेनच खाली ठेवलं. मॉगॉ ब्वा. खाऊन बघ. पोदा म्हणजे बघणं, आणि ते दुसऱ्या क्रियापदाला जोडलं की करून बघणं, अगदी आपण म्हणतो तसं. पुढे हे जुऑ, करून दे. त्याच्यापुढे मॉगॉ बॉर्यॉस्सॉ, खाऊन टाकलं, ह्यातला बॉरिदा म्हणजे खरोखरचं टाकणंच. इंग्रजीतून समजावणाऱ्या पुस्तकात ह्या एकेका रूपाला अर्धं अर्धं पान लागलंय आणि मला एका क्षणात कळलं, कारण माझ्या घरात दिवसभर हेच चालायचं. खाऊन बघ. देऊन टाक. ठेवून दे गं, बेबे, नंतर बघू. ह्यातलं एकही वाक्य मला तुम्हीमध्ये ऐकू येत नाही. बघा, टाका असं केलं की ती वाक्यं दुसऱ्याच कोणाच्या तरी घरातली होतात. कधी ऐकलेली ती भाषा इतक्या लांबच्या एका व्याकरणाच्या पुस्तकात मला अशी ओळीनं सापडावी ह्याचं काय करायचं मला कळेना. मी ती सगळी मोठ्यानं वाचली. दोनदा तीनदा. वरच्यांच्या पंख्याचा आवाज थांबला मध्येच, त्यांना वाटलं असेल कोणाशी बोलते ही.

घरचा अभ्यास म्हणून चार-पाच ओळींची डायरी लिहायची आहे. त्याला तिसरंच रूप लागतं, ना यो ना बानमाल. कादाचं कान्दा, मॉक्ताचं मॉंग्नुन्दा, झालेल्या गोष्टीला कात्ता, वात्ता. पुस्तकात, पेपरात, डायरीत हेच वापरतात, कारण समोर कोणी ठरावीक माणूस नसतं ज्याला मान द्यायचा की नाही हे ठरवावं लागेल. मला आधी वाटलं, वा, हेच आपलं, इथे कोणी काकू नाही. पण दोन ओळी लिहिल्यावर फार कोरडं वाटलं. असू दे, अभ्यास आहे तो.

तर लिहिलंय ते असं. ओनुल पीगा वात्ता, आज पाऊस आला. त्यांच्याकडेही पाऊस येतोच, पडावा लागत नाही. मग छुप्ता, थंडी आहे, गुणवाचकांना ते न्दा लागत नाही त्यामुळे शब्द आहे तसाच राहतो, एक ओळ आयती मिळाली. तिसऱ्या ओळीला बराच वेळ काही सुचेना. मग लिहिलं, छिन्गुहान्ते जॉन्ह्वाहेत्ता. मैत्रिणीला फोन केला.

छिन्गु म्हटलं की त्याच सालातली हवी. तशी एक आहे मिरजेला. एका लग्नानंतर दोघींनीही फोन केलेला नाही, कोणाचं चुकलं ते आता मला नीट आठवतही नाही. ती मला कधीच तुम्ही म्हणणार नाही, भांडायला लागली तरी नाही. वाक्य भूतकाळात लिहून झालंय आणि डायरी शनिवारी द्यायची आहे. आत्ता दहाला पाच कमी आहेत, ती अकरापर्यंत जागी असते. चार्जरला लावलेला फोन काढून आणते.