मालकाचं कपाट

नवा लॅपटॉप घरात आला की बाकीचे स्क्रीन बघतात, हातात धरून वजनाचा अंदाज घेतात, कीबोर्डवर उगाच दोन ओळी बडवतात. मी सेटिंग्जमध्ये जाऊन ॲप्सची यादी उघडते आणि यातलं काय काय काढता येईल ते बघते. नातेवाइकांत ही कीर्ती पसरलेली आहे. त्यामुळे भाच्याचा इंजिनिअरिंगसाठी घेतलेला लॅपटॉप असो की शेजारच्या काकांचा, ‘ताई, जरा साफ करून द्या’ म्हणून तो माझ्याकडे येतो. खोक्यातून नुकतं निघालेलं कोरं करकरीत मशीन, त्यावरचं प्लॅस्टिकही अजून सोललेलं नाही, आणि ते साफ करायचं!

पण साफ करायला असतंही भरपूर. हवामान, बातम्या, एक्सबॉक्सच्या नावाने तीन-चार गोष्टी (हे गेम खेळायचं यंत्र आमच्याकडे कधी नव्हतं), तुमचा अभिप्राय मागणारं एक ॲप. त्यावर लॅपटॉप बनवणाऱ्यांची स्वतःची भर, म्हणजे महिनाभर फुकट चालणारा अँटिव्हायरस. त्याचा महिना भरला की तो व्हायरसपेक्षा जास्त घाबरवतो. २०१५ साली विंडोज १० आलं तेव्हा स्टार्ट मेनूत चक्क कँडी क्रश सागा हा गेम होता, आणि तोही कचेरीत वापरायच्या ‘प्रो’ आवृत्तीतसुद्धा.

घरचे म्हणतात, पाचशे बारा जीबीची डिस्क आहे, पडलंय एका कोपऱ्यात तर पडू दे की. जागेचा हिशेब केला तर त्यांचं बरोबर आहे. जागेची खरी चणचण होती ती विंडोज ९५ आणि ९८ च्या काळात. तेव्हा सेटअप सुरू झाला की तो विचारायचा: टिपिकल, पोर्टेबल, कॉम्पॅक्ट की कस्टम? कस्टम निवडलं की समोर यादी यायची, प्रत्येक नावापुढे चौकोन आणि ते किती जागा खाणार याचा आकडा. वॉलपेपर नको, आवाजांचे संच नको, गेम्स नको. बरोबरच्या खुणा काढत गेलं की खालची बेरीज कमी कमी होत जायची. पुढे डिस्क हजारपट मोठी झाली आणि तो चौकोनच गेला. आता सेटअप भाषा विचारतो, देश विचारतो, ईमेल तर हटकून विचारतो, पण काय हवं आणि काय नको ते विचारत नाही.

भाड्याच्या घरात एका खोलीत मालकाचं कुलूपबंद कपाट असतं. घर तुमचंच, बरं का, पण तेवढं कपाट तिथेच राहील. भाडं पूर्ण खोलीचं. विंडोजमधली न निघणारी ॲप्स तशीच. माझी तक्रार अडणाऱ्या जागेची कमी आणि त्या कुलपाची जास्त आहे.

या कुलपावरून एकदा कोर्टात मोठं प्रकरण झालं. मे १९९८ मध्ये अमेरिकन सरकारने मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीचा खटला भरला, त्यात एक मुद्दा इंटरनेट एक्स्प्लोररचा होता. कंपनीचं म्हणणं, ब्राउझर हा विंडोजचाच अवयव आहे, तो काढला तर विंडोज धड चालणार नाही. प्रिन्स्टन विद्यापीठाचे संगणकशास्त्रज्ञ एडवर्ड फेल्टन यांनी एक छोटा प्रोग्राम लिहून साक्षीत सांगितलं, हा बघा काढला, चालतंय की. उत्तरादाखल कंपनीने कोर्टात व्हिडिओ दाखवला: ब्राउझर काढल्यावर मशीन कसं रखडतं ते पाहा. सरकारी वकील डेव्हिड बॉइज यांनी खिडकीच्या मथळ्याच्या पट्टीवरची अक्षरं बघून पकडलं की प्रयोग सांगितला तसा झालेलाच नाही. संगणकाच्या इतिहासात मथळ्याची पट्टी इतक्या बारकाईने आणखी कुणी वाचली असेल असं वाटत नाही.

गंमत म्हणजे फेल्टनच्या प्रोग्रामनेही ब्राउझरचा सगळा कोड उपटला नव्हता. वापरायच्या वाटा बंद केल्या होत्या, आतलं बरंचसं यंत्र जागेवरच होतं, कारण विंडोज ९८ मधली मदतीची खिडकीसुद्धा त्यावरच चालायची. म्हणजे कंपनी अगदीच खोटं बोलत नव्हती. फक्त तो अवयव तिथे जन्मतः नव्हता, तो मुद्दाम शिवलेला होता, एवढं ती सांगत नव्हती. शेन ब्रुक्स नावाच्या माणसाने त्याच काळात ९८लाइट म्हणून एक करामत केली. त्यात विंडोज ९८ चा डेस्कटॉप काढून त्याजागी ९५ चा जुना, हलका डेस्कटॉप बसवता येत असे आणि ब्राउझरला रजा देता येत असे. मला या खटल्यातला सगळ्यात पटलेला युक्तिवाद तोच, जरी तो कोर्टाबाहेर होता.

शेवटी सरकार आणि कंपनीत तडजोड झाली आणि २००२ मध्ये विंडोज एक्सपीच्या पहिल्या सर्व्हिस पॅकमधून, म्हणजे सुधारणांच्या गठ्ठ्यातून, काय हाती आलं? ब्राउझरचं चिन्ह दिसेनासं करायची सोय. कपाटावर पडदा.

एक्सपीत तर लपवालपवीची कमाल होती. कंट्रोल पॅनेलमध्ये विंडोजचे भाग काढायची यादी होती, पण तिच्यात विंडोज मेसेंजर हा गप्पांचा प्रोग्राम दिसायचाच नाही. मग कुणीतरी शोधून काढलं, विंडोजच्या आत इन्फ नावाच्या फोल्डरमध्ये सिसॉक नावाची एक साधी मजकुराची फाइल आहे. ती नोटपॅडमध्ये उघडायची. एकेका भागाची एकेक ओळ, आणि काही ओळींत स्वल्पविरामांच्या मध्ये स्वच्छ इंग्रजीत लिहिलेलं: ‘hide’, म्हणजे लपव. तेवढी चार अक्षरं खोडायची, स्वल्पविराम तसेच ठेवायचे, फाइल सेव्ह करायची. पुन्हा यादी उघडली की मेसेंजर साहेब हजर, काढून टाकायला तयार! कुलूप कसलं, किल्ली दारातच लटकत होती. त्या फाइलीने मला जेवढा आनंद दिला तेवढा नंतर कुठल्याही महागड्या सॉफ्टवेअरने दिलेला नाही.

युरोपने वेगळा मार्ग धरला. २००४ मध्ये युरोपीय आयोगाने मायक्रोसॉफ्टला विंडोजला मीडिया प्लेअर (गाणी-व्हिडिओ चालवणारा प्रोग्राम) चिकटवल्याबद्दल आणि आणखी एका तक्रारीबद्दल मिळून सुमारे ४९.७ कोटी युरो दंड ठोठावला आणि त्याशिवायचं विंडोज विकायला लावलं. तशी आवृत्ती निघालीही, नावापुढे ‘एन’ लावून. किंमत मात्र मीडिया प्लेअरवाल्या विंडोजइतकीच. त्याच पैशांत कमी वस्तू कोण घेणार? ती फारशी कुणी घेतली नाही. पण युरोपने पिच्छा सोडला नाही. बड्या टेक कंपन्यांना लगाम घालणाऱ्या तिथल्या डिजिटल मार्केट्स कायद्यामुळे २०२४ पासून युरोपातल्या विंडोजमध्ये एज ब्राउझरसुद्धा रीतसर अनइन्स्टॉल करता येतो. त्याच आवृत्तीचं विंडोज पुण्यात असेल तर ते बटण करडं, दाबलं तरी हूं की चूं नाही. मशीन कुठलं हे ठरतं सुरुवातीला सेटअपमध्ये निवडलेल्या देशावरून. त्यामुळे मराठी घरात बसून देश म्हणून आयर्लंड निवडणारी माणसं आहेत आणि मला त्यांच्याबद्दल आदर आहे. मध्यंतरी आणखी एक युक्ती फिरत होती: तारीख आणि चलनाच्या पद्धतीत कुठलाच देश न निवडता ‘वर्ल्ड’ निवडायचं. सेटअप थोडा गोंधळायचा, काहीतरी बिघडलंय म्हणायचा, ते ओलांडून पुढे गेलं की जाहिरातीची ॲप्स आलेलीच नसायची. गिऱ्हाईक कुठल्या बाजारातलं हेच कळलं नाही, तर माल कुणापुढे मांडणार!

हल्ली मी पॉवरशेल उघडते आणि निळ्या खिडकीत आज्ञा लिहून एकेक पॅकेज काढते. इथेही मेख आहे. प्रत्येक ॲपची एक प्रत तुमच्या खात्यापुरती असते आणि एक मूळ प्रत विंडोजपाशी राखून ठेवलेली असते, पुढे येणाऱ्या खात्यांसाठी. तुम्ही आपली प्रत काढून निश्चिंत होता, घरातलं दुसरं कुणी नवीन खातं उघडतं, आणि मंडळी पुन्हा दिवाणखान्यात. मूळ प्रतीसाठी वेगळी आज्ञा द्यावी लागते. हे ज्याला माहीत नसतं तो म्हणतो, विंडोजला भूत लागलंय.

सगळंच काढायचं असतं असंही नाही. माझ्या सासूबाईंचा लॅपटॉप घेऊन बसले की त्या आतल्या खोलीतून आधीच सांगतात, ‘माझा पत्त्यांचा खेळ राहू दे हं.’ सॉलिटेअर १९९० मध्ये विंडोज ३.० बरोबर आला. तो लिहिला वेस चेरी नावाच्या इंटर्नने, त्याला त्याची रॉयल्टी कधी मिळाली नाही. पानांची चित्रं सुझन केअर या डिझायनरची. विंडोज ८ मध्ये तो गाळला गेला आणि विंडोज १० मध्ये परत आला, पण मध्ये मध्ये जाहिराती घेऊन. जाहिरात नको असेल तर वर्गणी भरा. मी हे सगळं सात्त्विक संतापाने सांगितलं तेव्हा आई म्हणाल्या, ‘अगं, जाहिरात लागली की मी तेवढ्यात गॅस बारीक करून येते.’

आणि कंपनीने स्वतःहून, खरोखर, मुळासकट काढून टाकलं ते काय, तर वर्डपॅड! १९९५ पासून निमूट बसलेलं ते ॲप विंडोज ११ च्या २०२४ च्या आवृत्तीत गेलं. ना कुणी खटला भरला होता, ना कुणी दंड ठोठावला होता. नोटपॅड फार कोरडं आणि वर्ड फार भपकेबाज, त्यांच्या मधली ती एक सुटसुटीत जागा होती. क्लिक केलं की उघडायचं, लॉगिन मागायचं नाही, सोसायटीची नोटीस ठळक अक्षरांत लिहून प्रिंट मारली की काम झालं. तेव्हा मी जुन्या मशीनवरून त्याची मुख्य फाइल आणि सोबतचं भाषेचं फोल्डर उचलून पेनड्राइव्हवर ठेवलं. नव्या विंडोजवर नुसतं कॉपी केलं तरी ते चालतं.

भाच्याच्या लॅपटॉपवरचं सगळं काढून झालं आणि मी तो पेनड्राइव्ह लावला.

‘मावशी, हे काय टाकतेयस? मला नकोय ते.’

‘असू दे,’ म्हटलं, ‘लागतं कधीतरी. नकोच असेल तर राइट-क्लिक करून डिलीट मार. बटण करडं नाहीये.’