एफएससीके रोजच चालवावी लागत असेल, तर बिघाड दुसरीकडे आहे

उबुंटू किंवा डेबियन या लिनक्स प्रणाली असलेल्या संगणकावर एखाद्या सकाळी नेहमीचा पडदा न येता काळ्या पडद्यावर 'अनएक्स्पेक्टेड इनकन्सिस्टन्सी. रन एफएससीके मॅन्युअली' ही ओळ उमटते आणि खाली इनिटरॅमएफएसचा, म्हणजे मुख्य प्रणाली सुरू होण्याआधीच्या तात्पुरत्या टप्प्याचा, प्रॉम्प्ट लुकलुकत राहतो. तेथे एफएससीकेची, म्हणजे फाइल सिस्टीम (डिस्कवरच्या फाइलींची मांडणी) तपासून दुरुस्त करणाऱ्या प्रोग्रॅमची, आज्ञा दिली आणि तिच्या प्रत्येक प्रश्नाला 'वाय' म्हटले, की बहुतेक वेळा संगणक सुरू होतो. हे एकदाच घडले, तर त्याचा फार विचार करण्याचे कारण नसते. तीच ओळ पुन्हापुन्हा येऊ लागली, तर मात्र एफएससीके पुन्हा चालवून काही साधत नाही. गल्ल्यातून पैसे कोण काढतो हे ठाऊक नसलेल्या मुनिमाने रोज संध्याकाळी रोजमेळ तेवढा जुळवून ठेवावा, तसे तिचे काम असते. डिस्कवरच्या नोंदी ती परस्परांशी जुळवते, त्या बिघडवणारे कारण शोधणे तिच्या कक्षेत येत नाही.

माझ्या आतेभावाचे जिंतूर तालुक्यात कृषी सेवा केंद्र आहे. बियाणे आणि खतांची बिले, शिवाय साठ्याची नोंद, तो एका जुन्या डेस्कटॉपवर ठेवतो. मृगाच्या तोंडावर त्याचा फोन आला, "दादा, रोज सकाळी तेच इंग्रजी येतंय. मी वाय-वाय दाबतो अन् चालू करतो, पण तोवर काउंटरवर माणसं खोळंबतात." परभणीहून मी जाईपर्यंत त्याने दोन गोष्टी कराव्यात असे मी सांगितले: संगणक सुरू झाला की बिलांचा संपूर्ण फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावा, आणि सकाळी 'वाय' दाबण्यापूर्वी पडद्याचा मोबाइलवर फोटो काढावा. पहिली सूचना अशासाठी, की एफएससीके डिस्कवर लिहिते, आणि डिस्कच निकामी होत चाललेली असेल, तर सरसकट 'वाय' म्हणण्याने वाचू शकणाऱ्या फाइलीही हातच्या जाऊ शकतात. दुसरी सूचना अशासाठी, की 'एरर येतो' या दोन शब्दांवरून काहीही कळत नाही; त्याच्या वरच्या चार ओळींत बहुतेक उत्तर असते.

फोटोंमध्ये दोन निराळ्या जातींच्या तक्रारी निघाल्या. बहुतेक सकाळी 'सुपरब्लॉक लास्ट राइट टाइम इज इन द फ्यूचर' असे लिहिलेले होते, तर मधूनच एखाद्या दिवशी अनाथ इनोड (इनोड म्हणजे एकेका फाइलची नोंद) आणि ब्लॉक बिटमॅपमधील, म्हणजे डिस्कवरील वापरलेल्या-मोकळ्या जागांच्या नकाशातील, फरक यांची लांबलचक यादी होती. या दोन तक्रारींचे मूळ एकच असेल असे गृहीत धरले असते, तर शोध भरकटला असता.

पहिल्या तक्रारीचा अर्थ शब्दशः घ्यावा लागतो. सुपरब्लॉक म्हणजे फाइल सिस्टीमची मूळ माहिती साठवणारा भाग. त्यात शेवटचे लेखन केव्हा झाले याचीही नोंद असते. सुरू होताना संगणकाचे घड्याळ त्या नोंदीपेक्षा मागची वेळ दाखवत असेल, तर तपासणाऱ्या प्रोग्रॅमच्या दृष्टीने डिस्कवर भविष्यकाळात लेखन झालेले असते, आणि तो थांबून माणसाला विचारतो. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवते आणि लिनक्स तेथे जागतिक प्रमाणवेळ आहे असे मानते, त्यामुळे दोन्ही प्रणाली एकाच संगणकावर असलेल्यांच्या घड्याळात साडेपाच तासांचा घोळ होतो; परंतु चोवीस तासांपर्यंतचा फरक एफएससीकेच्या अलीकडच्या आवृत्त्या स्वतःच पोटात घालतात. रोज अडून बसण्यासाठी घड्याळ याहून पुष्कळ मागे जावे लागते.

ते का जात होते, याचा उलगडा दुकानाच्या दिनक्रमातून झाला. वळवाच्या पावसात विजा पडतात, एखाद्या वेळी डीपीवरून दाब एकदम वाढतो, म्हणून आतेभाऊ रात्री दुकानाचा मेन स्विचच बंद करून घरी जातो. दिवसा संगणक रीस्टार्ट केला तर तक्रार येत नसे, रात्रभर मेन स्विच बंद राहिला तरच येत असे. याला साधे कारण आहे. प्लग लावलेला असेपर्यंत पॉवर सप्लाय मदरबोर्डला थोडी वीज देत राहतो आणि घड्याळ त्यावर चालते; वीज पूर्ण तुटली की सगळा भार सीआर २०३२ या तीन व्होल्टच्या नाणेवजा सेलवर येतो. तो संपलेला असल्यामुळे घड्याळ रोज रात्री कित्येक वर्षे मागे जाई, सकाळी इंटरनेट जोडले की वेळ बरोबर होई, त्या बरोबर वेळेने डिस्कवर लेखन होई, आणि दुसऱ्या दिवशी तेच लेखन 'भविष्यातले' ठरे. "कधीमधी बिलावर जुनी तारीख येते, मी पेनानं दुरुस्त करतो," असे त्याने बोलता बोलता सांगितले, तेव्हा खात्री पटली. सोयाबीन उगवले नाही आणि तक्रार करायची वेळ आली, तर शेतकऱ्याला हीच पावती दाखवावी लागते. त्यामुळे पेनाने दुरुस्त केलेली तारीख ही मला फाइल सिस्टीमच्या चुकीपेक्षाही गंभीर बाब वाटली. सेल घड्याळाच्या दुकानात मिळाला. तो बदलल्यावर बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये, वेळ पुन्हा लावावी आणि साटाचा (डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या जोडणीचा) मोड पूर्वीचाच आहे ना, हेही तेव्हाच पाहून घ्यावे, कारण बायोसची इतर मांडणीही मूळपदावर गेलेली असू शकते.

दुसऱ्या तक्रारीबाबत आपल्याकडे सर्वांचे बोट आधी विजेकडे जाते. तो आरोप अगदीच निराधार नाही, पण तो फार लवकर केला जातो. २००८ साली लिनक्सच्या २.६.२८ या आवृत्तीत स्थिर म्हणून दाखल झालेली एक्स्ट४ ही फाइल सिस्टीम आणि तिच्या आधीची एक्स्ट३ या दोन्ही जर्नल ठेवतात. म्हणजे रचनेतील बदल आधी एका राखीव जागेत नोंदवला जातो आणि मग मूळ जागी लिहिला जातो. मध्येच लाईट गेली, तर पुढच्या वेळी सुरू होताना 'रिकव्हरिंग जर्नल' अशी ओळ येते, अर्धवट राहिलेले व्यवहार पूर्ण होतात आणि संगणक पुढे जातो. ही ओळ बिघाडाची खूण मानू नये. तुम्ही टंकत असलेली शेवटची दोन बिले यात जाऊ शकतात, पण रचना सहसा शाबूत राहते. लाईट गेल्यावर प्रत्येक वेळी रचनाच मोडत असेल, तर जर्नलमध्ये लिहिलेले डिस्कवर नीट पोहोचत आहे का, हे तपासले पाहिजे.

ते पोहोचत नव्हते. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नोंदींत, म्हणजे जर्नलसीटीएल या आज्ञेने दिसणाऱ्या मजकुरात, साटाची जोडणी तुटल्याच्या आणि पुन्हा जोडल्याच्या ओळी होत्या आणि त्यांच्यापाठोपाठ आय-ओ एरर, म्हणजे डिस्कवरील वाचन-लेखनाच्या चुका, होते. अशा वेळी उबुंटू मुख्य विभाग फक्त वाचनापुरता खुला ठेवते आणि फाइल सिस्टीममध्ये चूक आहे अशी खूण करते, त्यामुळे भर दुपारी बिल सेव्ह होत नाही आणि पुढच्या वेळी सुरू होताना तपासणी सक्तीने होते. अडलेले बिल आणि लांबलचक यादी या दोन्हींची संगती त्यातून लागली.

डिस्क दोषी की तिच्यापर्यंतचा रस्ता, हे ठरवायला स्मार्टसीटीएलने मिळणारा डिस्कचा स्वतःचा अहवाल उपयोगी पडतो. त्यात क्रमांक ५ म्हणजे बदली दिलेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), १९७ म्हणजे वाचता न आल्यामुळे निर्णयाच्या प्रतीक्षेत असलेले सेक्टर आणि १९८ म्हणजे दुरुस्त न झालेले सेक्टर. या तिन्हींचे मूळ आकडे शून्य असावेत, आणि १९७ वाढत असेल तर एफएससीके बाजूला ठेवून आधी डीडीरेस्क्यूने दुसऱ्या डिस्कवर प्रत काढावी, नंतर दुरुस्तीचे जे प्रयोग करायचे ते प्रतीवर करावेत. येथे तिन्ही शून्य होते आणि क्रमांक १९९, म्हणजे केबलवरून जाताना माहिती बिघडल्याची संख्या, मोठी होती. ही संख्या कधीच कमी होत नाही, म्हणून तिच्या आकारापेक्षा ती अजून वाढते आहे का, याला महत्त्व द्यावे. ती वाढत होती. साटा केबलची चाप तुटलेली होती आणि ती पोर्टमध्ये सैल बसत होती. नवी केबल घातली, सुरू होताना शिफ्टने ग्रब, म्हणजे लिनक्स सुरू करण्याचा मेनू, उघडून रिकव्हरी मोडमधून एफएससीके एकदा पूर्ण चालवली. चालू असलेल्या, लेखनासाठी खुल्या विभागावर ती कधीही चालवू नये.

रॅमचा संशय मी शेवटी घेतो. डिस्क, केबल आणि घड्याळ निर्दोष ठरूनही दर वेळी वेगळ्याच ठिकाणी चुका निघत असतील, तर रॅम तपासणारी मेमटेस्ट रात्रभर चालवावी. लाईट रात्रभर राहील तो दिवस मात्र निवडून घ्यावा लागतो.

विंडोजवर दर वेळी चेकडिस्क ही डिस्कची तपासणी सुरू होत असेल, तरी विचाराची दिशा हीच राहते. चेकएनटीएफएसच्या आज्ञेने ती तपासणीच बंद करण्याचा सल्ला काही जण देतात. त्यातून ओळ दिसेनाशी होते आणि बिघाड तसाच राहतो. लिनक्सही त्याच संगणकावर असेल, तर विंडोज ८ पासून आलेले फास्ट स्टार्टअप बंद करावे, कारण त्यात शटडाउन केल्यावरही विंडोजने आपला विभाग पूर्णपणे सोडलेला नसतो आणि लिनक्समधून त्यावर लिहिणे धोक्याचे ठरते.

दुकानातील इन्व्हर्टर 'यूपीएस' मोडवर घेतला, त्यामुळे लाईट जाताना डेस्कटॉप आता रीस्टार्ट होत नाही. केबल बदलल्यापासून १९९ ची संख्या आहे तेथेच थांबली आहे. आतेभाऊ ती दर महिन्याला पाहून मला कळवणार आहे, आणि पुन्हा वाढू लागली तर पुढचा संशय मदरबोर्डच्या त्या पोर्टवर असेल.