चोर्ला चढून अनमोड उतरताना: बॅटरी घाटात संपत नाही, पठारावर संपते

साखळीहून केरी, अंजुणे धरणाच्या कडेने चोर्ला, वर कणकुंबी, जांबोटी, खानापूर, मग रामनगरवरून अनमोड आणि खाली मोले. साधारण सव्वाशे किलोमीटर. ई-माउंटन बाईकवर, म्हणजे पायाला मोटरची मदत देणाऱ्या सायकलवर, गोव्यातून एका दिवसात करता येईल अशी याहून चांगली फेरी नाही. पण तयारी करताना लोक आल्प्समधले आकडे समोर ठेवतात आणि तिथेच गणित फसतं.

आल्प्समध्ये खिंड चढायची, दरीत उतरायचं, लगेच दुसरी खिंड चढायची. प्रातोहून स्तेल्वियो म्हणजे सुमारे 24 किलोमीटरमध्ये 1,800 मीटर चढ आणि 48 वळणं. माथा 2,757 मीटरवर. सपाटी फारशी नाहीच, म्हणून तिथे बॅटरी चढाच्या मीटरांवर मोजतात आणि ते बरोबरच आहे. सह्याद्री मात्र पायरीसारखा आहे. एकदा चढायचं, मग 80-90 किलोमीटर पठार, मग एकदाच उतरायचं.

आकडेच मांडू. स्वार 75 किलो, बाईक 24, सामान 6, एकूण 105 किलो. केरीपासून माथा सुमारे 750 मीटर वर आणि 15-16 किलोमीटर लांब. एवढं वजन नुसतं वर उचलायला 215 वॅट-तास लागतात (बॅटरीतली वीज याच मापात मोजतात), जाड टायरचं घर्षण आणि वारा धरून 290 च्या घरात. ताशी 12 च्या वेगाने, पायाने सतत 120 वॅट देत चढलात तर सव्वा तासात 160 तुमच्याच पायांतून येतात. उरलेले मोटर देते आणि तिची कार्यक्षमता 75 टक्के धरली तर बॅटरीतून साधारण 170 जातात. तोच घाट टर्बोवर, म्हणजे सगळ्यात जास्त मदतीच्या मोडवर, ताशी 18 ने चढलात तर खर्च 270 च्या आसपास. वाचतात फक्त 25-27 मिनिटं, जातात 100 वॅट-तास.

आता पठार. ताशी 22 च्या वेगाला इकोवर, म्हणजे सगळ्यात कमी मदतीच्या मोडवर, बारीकसारीक चढउतार धरून, किलोमीटरला चार-पाच वॅट-तास जातात. म्हणजे 85 किलोमीटरला सुमारे 380, घाटाच्या दुपटीहून जास्त! चोर्ल्याच्या माथ्यावर 70 टक्के दिसतात म्हणून लोक खुशीत मोड वाढवतात आणि खानापूरच्या पुढे नुसतेच पाय मारत बसतात. डिस्प्लेवरच्या 'उरलेल्या किलोमीटर'वरही माथ्यावर विसंबू नका. तो आकडा नुकत्याच झालेल्या खर्चावरून निघतो; पठारावर आधी वाढेल, मग हळूहळू खाली येईल. शिवाय नियमाने मोटर 25 ला हात काढून घेते. 28 ने जायचा हट्ट धरलात तर 24 किलोची बाईक आणि गाठीचे टायर स्वतःच्या पायांवर ओढायचे. 22-23 वर राहावं.

सगळं मिळून 600 च्या जवळ जातं. बॅटरी 750 ची असेल तर दुपारी चार्जिंग लागत नाही. 500 ची असेल तर खानापूरला जेवताना प्लग मागावाच लागतो. 36 व्होल्टच्या बॅटरीला 4 अँपिअरचा चार्जर तासाला सुमारे 140 वॅट-तास भरतो, स्वस्त बाईकसोबत मिळणारा 2 अँपिअरचा त्याच्या निम्मे. 80 टक्क्यांच्या वर भरण्याचा वेग पडतो, म्हणून बॅटरी बऱ्यापैकी खाली आल्यावरच लावणं फायद्याचं. उन्हातून आलेली बॅटरी हाताला गरम लागत असेल तर आधी वीस मिनिटं सावलीत; 40 अंशांवर चार्जिंग नकोच.

आपल्याकडच्या बऱ्याच ई-सायकलींना मागच्या चाकाच्या तुंब्यात बसवलेली हब मोटर असते. तिचा वेग चाकाच्या वेगाशी बांधलेला असतो, गिअर बदलून तिला आराम मिळत नाही. चढावर ताशी 8-10 वर आलात की वीज बरीचशी उष्णतेत जाते आणि आतले नायलॉनचे दात झिजतात किंवा तुटतात. अशी बाईक चोर्ला चढते, पण ताशी 12 च्या खाली येऊ देऊ नका, नाहीतर मोटर बंद करून पायाने चढा आणि मध्ये दोनदा थांबा. जोर पडला की व्होल्टेज खाली बसतं आणि डिस्प्लेवर बॅटरीच्या दोन कांड्या शिल्लक दिसत असतानाच कंट्रोलर पुरवठा तोडतो. घाबरू नका, पाच मिनिटांनी कमी मोडवर परत चालते. मागचं पंक्चर काढायला 18 चा पाना लागतो, आणि वायरचा कनेक्टर आधी सोडवायचा. पाना विसरलात तर पॅच असून उपयोग नाही.

मधल्या, म्हणजे पॅडलपाशी बसवलेल्या मोटरचं दुखणं चेनचं. गिअर टाकताना अर्धा फेरा पाय सैल सोडा. जोरात असताना टाकलात तर चेन तुटते. तुमच्याच स्पीडची (मागे जितके गिअर तितक्याची) क्विक लिंक, म्हणजे तुटलेली चेन जोडायची कडी, सोबत हवी, 11 ची 12 ला चालत नाही. मदत अचानक बंद पडून डिस्प्लेवर एरर आली तर मोटर उघडायच्या गोष्टी करण्याआधी मागच्या स्पोकवरचं, वेग मोजायला लावलेलं चुंबक बघा. टेम्पोत बाईक घातली की ते हमखास सरकतं.

अनमोडच्या उतारासाठी ब्रेक सकाळीच तपासून निघायचं. चढताना उचललेल्या वजनाची बरीचशी ऊर्जा उतरताना दोन डिस्कमध्ये उष्णता होऊन उतरते. पुढे 203 मिलिमीटरची डिस्क, चार पिस्टनचे कॅलिपर आणि सिंटर्ड, म्हणजे धातूच्या भुकटीचे पॅड हवेत. ऑरगॅनिक पॅड आवाज करत नाहीत, पण लांब उतारावर तापून चकाकी धरतात आणि मग लिव्हर घट्ट लागूनही बाईक थांबत नाही. ब्रेक सतत चोळत उतरू नका. वळणाआधी दोन्ही जोरात दाबा, वळणात सोडा. ब्रेकमधलं डॉट ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि आपल्या हवेत ते लवकर बिघडतं. पावसाळा गेला की बदलून घ्या. पॅडचा थर अर्ध्या मिलिमीटरवर आला की पॅड संपला. पावसात चोर्ला करूच नये, असं माझं स्पष्ट मत. धुकं तर आहेच, पण लाल चिखल एका दिवसात नवे पॅड खाऊन टाकतो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, साखळीतून उजाडताना निघावं. बेळगावहून गोव्यात येणारे भाजीचे टेम्पो चोर्ल्यातून पहाटे घाईने उतरतात, त्यामुळे आंधळ्या वळणांवर रस्त्याची कड सोडू नका. अनमोड पाचच्या आत उतरून व्हायला हवा. संध्याकाळी गवे रस्त्यावर येतात आणि गवा बाजूला होईपर्यंत थांबण्यापलीकडे उपाय नसतो. म्हादई आणि मोलेच्या अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय डांबर सोडून आत शिरायचं नाही, बाईक कितीही माउंटनची असली तरी.

यातून आल्प्सची हौस लागलीच तर बाईक इथून नेण्याचा विचार सोडा. 160 वॅट-तासांवरची लिथियम बॅटरी प्रवासी विमानात घेत नाहीत, म्हणजे तिथे भाड्यानेच घ्यावी लागते. घेताना पॅड आणि डिस्क बघून घ्या, भाड्याच्या बाईकवर तेच सगळ्यात झिजलेले असतात. आणि तिथल्या हिशेबात हजार मीटर चढाला 225-230 वॅट-तास धरा, माथ्यावरच्या थंडीसाठी थोडे जास्तच.